ट्यूब उलटी करून वाचा

आमच्या मेडिकलमध्ये संबंधांच्या वेळी लावायचं वंगणाचं जेल घ्यायला आलेलं माणूस आधी खोकल्याचं औषध मागतं. मग बँडेजपट्टी. मग गर्दी पांगेपर्यंत काउंटरवरचा प्रोटीन पावडरचा डबा उगाच हातात घेऊन बघत राहतं. शेवटी कपाटाकडे बोट दाखवून "ते द्या" म्हणतं, आणि मी खाकी पाकीट उघडायच्या आत पैसे पुढे झालेले असतात. या सगळ्यात ट्यूबवर काय लिहिलंय ते वाचायला कुणाला सवडच नसते. घरी गेल्यावर खोकं फाडून कचऱ्यात तळाशी दडवतात, आणि घटकांची यादी पुष्कळदा त्या खोक्यावरच छापलेली असते.

मी फार्मसिस्ट आहे. सांगली जिल्ह्यात, तालुक्याच्या गावात आमचं दुकान आहे, सासऱ्यांनी सुरू केलेलं. खरेदी आणि हिशेब नवरा बघतो, काउंटर माझ्याकडे. काउंटरवर बाई दिसली की बायका जरा मोकळ्या होतात. "वहिनी, जरा आत येऊ का?" म्हणून रॅकच्या आडोशाला येतात आणि हळू आवाजात सांगतात. सांगणं बहुतेक एकाच वळणाचं असतं. लावल्यावर आग होते. आग होते म्हणजे आपल्यातच काहीतरी बिघडलंय. मग त्या जंतुनाशकाच्या पाण्याने धुतात, आग वाढते, मग शेजारणीने दिलेलं मलम लावतात, मग खाज सुटते, आणि दोन महिन्यांनी डॉक्टरांकडे जातात तेव्हा सुरुवात कशाने झाली हे त्यांच्याही लक्षात राहिलेलं नसतं. मला सांगायचंय ते एवढंच की ती आग पुष्कळदा बाईच्या अंगातली नसते, ट्यूबमधली असते. आणि ती ओळखता येते.

आधी तिथली नैसर्गिक स्थिती कशी असते ते बघू. पाळी चालू असलेल्या वयात योनीमार्गाचा पीएच, म्हणजे आंबटपणा मोजायचा आकडा (जितका कमी तितकं आंबट), साधारण ३.८ ते ४.५ असतो, म्हणजे चांगला आंबट. लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू तिथे राहतात, लॅक्टिक अ‍ॅसिड तयार करतात आणि त्या आंबटपणामुळे नको त्या जंतूंना तिथे थारा मिळत नाही. या कामासाठी साबण लागत नाही, 'इंटिमेट वॉश' लागत नाही, बाहेरून काहीच लागत नाही. आतला भाग स्वतःला स्वच्छ ठेवतो. बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुतला की झालं. हे मी दुकानात इतक्यांदा सांगते तरी पुन्हा सांगते, कारण गुलाबी बाटल्यांचा खप बघते आहे.

पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे स्त्रीच्या शरीरातलं संप्रेरक कमी होतं. त्वचेचा थर पातळ पडतो, हे जिवाणू कमी होतात, पीएच ५ च्या वर जातो आणि ओलावा आटतो. बाळंतपणानंतर अंगावर पाजत असतानाही तसंच होतं. तेव्हाही इस्ट्रोजेन खाली असतं. पंचविशीतली बाळंतीण कोरडेपणाची तक्रार सांगते तेव्हा तिला "असं कसं या वयात" म्हणणाऱ्या सासवा-जावा असतात. तिच्या वयाचा काही संबंध नाही, ती पाजते आहे म्हणून होतंय. स्तनाच्या कर्करोगानंतर लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल चालू असलेल्या बायकांना तर फारच त्रास होतो, कारण त्या गोळ्यांचं कामच इस्ट्रोजेन खाली आणण्याचं आहे. सर्दीसाठी रोज सेटिरिझीन घेणाऱ्यांचं नाक जसं कोरडं पडतं तसा इतर ठिकाणचा ओलावाही कमी होऊ शकतो. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही होतो. म्हणून कुणी जेल मागितलं की मी शक्य असेल तर विचारते, "अजून कोणती औषधं चालू आहेत का?" बऱ्याचदा उत्तर तिथेच मिळतं.

तर वंगण लागणं यात लाजायचं काही नाही. आता ते कोणतं असावं ते बघू.

एका बाईंचं सांगते. ओळख लागणार नाही इतपत तपशील बदलले आहेत. शिक्षिका, पन्नाशीच्या, पाळी जाऊन दोनेक वर्षं झालेली. एक दिवस दुपारी दुकान रिकामं बघून आल्या. पर्समधून रुमालात गुंडाळलेली ट्यूब काढली आणि म्हणाल्या, "हे ऑनलाइन मागवलं होतं मिस्टरांनी. लावलं की मिरची लागल्यासारखं होतं. मी त्यांना सांगितलं नाही, त्यांना वाईट वाटेल." मी ट्यूब घेतली आणि काउंटरवरच्या दिव्याखाली धरली. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत यादी होती. पहिलं पाणी. दुसरं ग्लिसरीन. तिसरं प्रॉपिलीन ग्लायकॉल. मग घट्ट करणारं सेल्युलोज, मग मेन्थॉल, सुगंध, दोन प्रिझर्व्हेटिव्ह. पुढच्या बाजूला सोनेरी अक्षरांत 'वॉर्मिंग अँड टिंगलिंग'. मी त्यांना विचारलं, "मॅडम, तोंड आलेलं असताना पेपरमिंट खाऊन बघितलंय का?" त्या एकदम गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे हे माझं नाही?" त्यांच्या चेहऱ्यावरचा तो बदल मला विसरता येत नाही. इतके दिवस त्या स्वतःलाच दोष देत होत्या आणि कारण मात्र त्या यादीत छापलेलं होतं.

यादीतलं दुसरं आणि तिसरं नाव का महत्त्वाचं ते समजून घ्या. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की पाणी सुटतं ना, तोच नियम इथे लागू होतो. जेलमध्ये विरघळलेले पदार्थ शरीरापेक्षा जास्त दाट असतील तर ते जेल पेशींमधलं पाणी बाहेर ओढतं. सुरुवातीला ओलं वाटतं, पण ते पाणी तुमच्याच पेशींचं असतं. पेशी आकसतात, वरचा थर सुटतो, आणि त्या उघड्या पडलेल्या जागेवर आग होते, पुढे संसर्गालाही वाव मिळतो. या दाटपणाला ऑस्मोलॅलिटी म्हणतात. आपल्या रक्ताची ती दर किलोला साधारण २९० मिलिऑस्मोल असते. ग्लिसरीन आणि ग्लायकॉल भरपूर असलेल्या जेलांची हजारोंमध्ये जाते. गरम वाटणाऱ्या काही जेलांची १०,००० च्याही वर मोजली गेली आहे.

जागतिक आरोग्य संघटना, संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी आणि एफएचआय ३६० ही आरोग्यावर काम करणारी संस्था यांनी २०१२ मध्ये याबद्दल एक सल्लापत्र काढलं. सरकारांनी आणि संस्थांनी निरोधसोबत वाटायला कोणतं वंगण विकत घ्यावं, यासाठी ते होतं. त्यात म्हटलंय की ऑस्मोलॅलिटी खरं तर ३८० च्या आत असावी; पण बाजारातली बहुतेक जेलं त्याहून फार वर असल्यामुळे तूर्त १२०० ही कमाल मर्यादा धरावी. ग्लायकॉल मिळून वजनाच्या ८.३ टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत. योनीमार्गासाठी पीएच ४.५ च्या आसपास असावा, गुदमार्गासाठी ५.५ ते ७. हे आकडे मी एका कागदावर लिहून काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवलेत. कंपनीचे माणसं नवीन जेल घेऊन येतात तेव्हा मी त्यांना ऑस्मोलॅलिटी विचारते. बहुतेकांना तो शब्द पहिल्यांदाच ऐकू येतो. ते मला फ्लेवर सांगतात.

आपल्याकडे हा आकडा ट्यूबवर छापायची पद्धत नाही. मग ग्राहकाने काय करायचं? क्रम बघायचा. आपल्याकडची कितीतरी जेलं कॉस्मेटिक म्हणून विकली जातात, आणि कॉस्मेटिकच्या नियमांप्रमाणे एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. जे जास्त ते आधी. म्हणजे पाण्याच्या लगेच मागे ग्लिसरीन, आणि त्याच्या मागे प्रॉपिलीन ग्लायकॉल असेल, तर ते जेल दाट आहे असं धरायला हरकत नाही. पाण्यानंतर हायड्रॉक्सीएथिल सेल्युलोजसारखं घट्ट करणारं द्रव्य आलं आणि ग्लिसरीन नाहीच किंवा फार मागे आहे, तर ते बरं. लॅक्टिक अ‍ॅसिड दिसलं तर पीएचचा विचार कुणीतरी केलाय असं समजा. काही चांगल्या जेलांवर 'आयसो-ऑस्मोटिक' (म्हणजे शरीराइतकंच दाट) किंवा पीएचचा आकडा लिहिलेला असतो. तो शोधा.

ग्लिसरीनबद्दल एक गैरसमज मात्र मला खोडायचाय. ते साखरेसारखं गोड असतं म्हणून त्याने हमखास बुरशी वाढते, असं सगळीकडे लिहितात. त्याला ठोस पुरावा नाही. त्याचा मुख्य दोष हा पाणी ओढण्याचा आहे. चेहऱ्याला तेच ग्लिसरीन उत्तम चालतं, कारण तिथली कातडी जाड आणि कोरड्या हवेची सवय असलेली असते.

प्रॉपिलीन ग्लायकॉल पाणी तर ओढतंच, वर काहींना त्याची अ‍ॅलर्जी असते. अमेरिकेतली काँटॅक्ट डर्मटायटिस सोसायटी दरवर्षी एका घटकाला 'अ‍ॅलर्जन ऑफ द इयर' म्हणून पुढे आणते, डॉक्टरांचं लक्ष वेधायला. २०१८ मध्ये ते प्रॉपिलीन ग्लायकॉल होतं. २०१३ मध्ये मिथाइलआयसोथायाझोलिनोन होतं, जे ओल्या वाइप्समध्ये सर्रास असायचं. युरोपात ते धुऊन न टाकायच्या उत्पादनांमधून २०१७ पासून बंद आहे. हे नाव लांबलचक आहे, पण ट्यूबवर किंवा वाइप्सच्या पाकिटावर '-आयसोथायाझोलिनोन' असं शेपूट दिसलं तर खाली ठेवा. आणि पॅराबेन? ज्याच्या भीतीने लोक 'पॅराबेन फ्री' शोधत हिंडतात, त्याला त्याच सोसायटीने २०१९ मध्ये 'नॉन-अ‍ॅलर्जन ऑफ द इयर' ठरवलं, कारण अ‍ॅलर्जी करण्याच्या बाबतीत तो फारच गरीब निघाला. पॅराबेनऐवजी त्याहून तिखट प्रिझर्व्हेटिव्ह घातलेल्या ट्यूबा मी पाहिल्यात. पुढच्या बाजूला 'फ्री' काय काय लिहिलंय त्यापेक्षा आत काय घातलंय ते बघा.

क्लोरहेक्सिडीन हे अजून एक. तोंड धुवायच्या औषधात, शस्त्रक्रियेआधी हात धुवायच्या द्रवात ते असतं आणि तिथे त्याचं काम चोख आहे. दवाखान्यात तपासणीसाठी वापरायच्या काही निर्जंतुक जेल्यांमध्येही असतं. एकदा तपासणीपुरतं लागलं तर बिघडत नाही. पण घरी नेहमीच्या वापरासाठी ते नको, कारण जंतू मारताना ते लॅक्टोबॅसिलसलाही सोडत नाही.

नॉनऑक्सिनॉल-९ हे शुक्राणूनाशक. त्याची गोष्ट प्रत्येक फार्मसिस्टला माहीत असायला हवी. ते प्रयोगशाळेत एचआयव्हीला मारत होतं, म्हणून बायकांना संसर्गापासून वाचवेल अशी मोठी आशा होती. आफ्रिकेतल्या तीन देशांत आणि थायलंडमध्ये देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये त्याची चाचणी झाली आणि निकाल नेमका उलटा आला. ते जेल वापरणाऱ्या गटात लागण जास्त झाली. वारंवार वापराने आतला थर दुखावत होता आणि विषाणूला वाट मोकळी होत होती. २००७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, अशा उत्पादनांवर इशारा छापणं सक्तीचं केलं. त्या बायकांनी सोसलं म्हणून आज आपल्याला कळतंय की वंगणाने होणारी 'थोडीशी आग' सहन करायची गोष्ट नाही. आग म्हणजे थर दुखावल्याची खूण असते.

आता आपल्या काउंटरवरचा सगळ्यात मोठा घोळ. गिऱ्हाईक लाजत "जेली आहे का" एवढंच म्हणतं. मेडिकलमध्ये जेली म्हटलं की पोऱ्या लिग्नोकेन दोन टक्के काढून देतो, कारण लघवीची नळी घालताना नर्सबाई तीच मागवतात. ती बधिर करणारी जेली आहे. ती लावून संबंध ठेवले तर दुखलेलं कळत नाही, खरचटलं तरी कळत नाही, आणि नवऱ्यालाही बधिर होतं. लग्न ठरलेल्या एका मुलाने मित्राच्या सांगण्यावरून हीच मागितली होती, बायकोला पहिल्यांदा त्रास होऊ नये म्हणून. हेतू किती चांगला! मी त्याला म्हटलं, "दादा, दुखणं लपवायचं नसतं. दुखलं तर थांबायचं असतं." त्याने मान डोलावली आणि साधं पाण्याचं जेल नेलं. काही बायकांचे स्नायू आपोआप इतके आवळतात की संबंधच शक्य होत नाहीत. त्याला व्हजायनिस्मस म्हणतात. त्यावर स्त्रीरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट मिळून चांगले उपचार करतात. त्यावर बधिर करणारी जेली हा इलाज नाही आणि नवऱ्याची जबरदस्ती तर नाहीच नाही.

खोबरेल तेल प्रत्येक घरात आहे, त्यामुळे त्याबद्दल विचारतातच. निरोध वापरत नसाल आणि पूर्वी त्रास झाला नसेल, तर बाहेरच्या बाजूला शुद्ध खोबरेल बऱ्याच बायकांना चालतं. वास घातलेलं केसांचं तेल नव्हे. पण निरोध वापरत असाल तर कुठलंच तेल नको: खोबरेल नाही, बेबी ऑइल नाही, व्हॅसलिन नाही, तूप तर नाहीच. १९८९ च्या एका अभ्यासात लेटेक्सच्या निरोधाला मिनरल ऑइल नुसतं ६० सेकंद लागलं तरी त्याची ताकद सुमारे ९० टक्क्यांनी घटलेली दिसली होती. फाटलेलं डोळ्यांना दिसतही नाही. व्हॅसलिन आत लावणाऱ्या बायकांमध्ये बॅक्टेरियल व्हजायनोसिसचं (योनीमार्गातल्या जिवाणूंचा समतोल बिघडण्याचं) प्रमाण जास्त आढळलंय आणि आत तेल वापरणाऱ्यांमध्ये कँडिडा या बुरशीचं. म्हणून तेल वापरलंच तर बाहेरपुरतं.

थुंकी हा फुकटातला उपाय, पण ती लगेच वाळते आणि तोंडातले जंतू सोबत आणते. मूल होण्यासाठी प्रयत्न करणाऱ्यांनी तर ती टाळावीच. शुक्राणूंच्या हालचालीवर तिचा वाईट परिणाम होतो. पुष्कळ जेलांचाही होतो. दिवस राहावेत म्हणून धडपडणाऱ्या जोडप्यांसाठी वेगळी, शुक्राणूंना त्रास न देणारी जेलं मिळतात. डॉक्टरांना विचारून घ्यावीत.

सिलिकॉनचं वंगण महाग असतं पण कितीतरी जणींना तेच सोसतं. त्यात पाणी नसतं म्हणून पीएच आणि ऑस्मोलॅलिटीचा प्रश्नच येत नाही, घटक दोन-तीनच असतात, प्रिझर्व्हेटिव्हची गरज जवळपास नसते आणि लेटेक्सला धक्का लागत नाही. डायमेथिकोन, डायमेथिकोनॉल अशी नावं यादीत दिसतात. ते लवकर जात नाही, चादरीला डाग पडतो आणि फरशीवर सांडलं तर पाय घसरतो, एवढं सांभाळा. ज्यांना कुठलंच जेल सोसत नाही त्यांना मी आधी हे सुचवते. पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुषही आमच्याकडे येतात; त्यांनाही हेच सांगते, कारण गुदमार्गाचं अस्तर पेशींच्या एकाच थराचं असतं, ते चटकन दुखावतं आणि तिथे स्वतःचा ओलावा तयार होत नाही. त्यांना कुणी विचारत नाही आणि ते कुणाला विचारू शकत नाहीत. त्यांना आमच्या काउंटरवर नीट उत्तर मिळतं.

'नॅचरल', 'आयुर्वेदिक', 'हर्बल' या शब्दांवर भुलू नका. पुदिना नैसर्गिकच आहे, दालचिनीचं तेलही नैसर्गिक, आणि दोन्ही तिथे आग करतात. कोरफडीचं जेल ताजं कापून लावणाऱ्याही आहेत. पानाच्या सालीखालचा पिवळा चीक चांगलाच झोंबतो.

नवीन ट्यूब आणली की थेट वापरू नका. कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, सात ते दहा दिवस लावून बघा. त्रास झालाच तर केव्हा झाला ते ध्यानात ठेवा. लावल्या लावल्या आग झाली तर ती बहुतेक दाटपणाची, मेन्थॉलची किंवा अल्कोहोलची. एक-दोन दिवसांनी खाज, लाली, सूज आली तर अ‍ॅलर्जीची शक्यता. हा फरक डॉक्टरांना सांगितलात तर त्यांचं निम्मं काम होतं. आग झाली की साध्या कोमट पाण्याने बाहेरून धुवा, सुती कपडे घाला, दुसरं काही लावू नका. आत पिचकारी मारून धुणं तर मुळीच नको. आणि ट्यूब, खोकं दोन्ही डॉक्टरांकडे घेऊन जा. रुमालात गुंडाळून का होईना, पण न्या.

खाज सुटली की लोक मागतात ते तीन औषधांचं मिश्रण असलेलं मलम, ज्यात बुरशीचं, जंतूंचं आणि क्लोबेटासोलसारखं जोरदार स्टिरॉइड एकत्र असतं. दोन दिवसांत गुण येतो, म्हणून नाव तोंडपाठ असतं. तिथल्या नाजूक कातडीवर ते लावत राहिलं की कातडी अजून पातळ होते आणि बुरशी आत पसरत राहते. २०१८ मध्ये सरकारने स्टिरॉइडची अशी बाहेरून लावायची औषधं शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. मी देत नाही. त्यावरून भांडणं झालीत, गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलंय. जाऊ दे.

मधुमेहाच्या लोकांसाठी एक खास गोष्ट, कारण ती फार कमी जणांना सांगितली जाते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. चांगली औषधं आहेत, हृदयाला आणि किडनीला फायदा करतात. २०२० च्या अखेरीस डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं, भाव उतरले, आणि आता गावोगावी ती चालू आहेत. पण लघवीत साखर आली की बाहेरच्या जागेत बुरशी माजते, बायकांना आणि पुरुषांनाही. एक काका बायकोच्या जेलला बोल लावत आले होते. गोळ्यांचं पाकीट बघितल्यावर उलगडा झाला. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. डॉक्टरांना सांगायचं, बुरशीचं औषध घ्यायचं, लघवीनंतर पाण्याने धुऊन कोरडं करायचं.

पाळी गेलेल्या बायकांसाठी अजून एक. वंगण हे त्या वेळेपुरतं असतं. रोजच्या कोरडेपणासाठी, बसता-उठता चरचरतं त्यासाठी, मॉइश्चरायझर वेगळं मिळतं, हायल्युरोनिक अ‍ॅसिडचं वगैरे, दर दोन-तीन दिवसांनी लावायचं. त्याने भागलं नाही तर डॉक्टर इस्ट्रियॉलचं (इस्ट्रोजेनच्याच एका सौम्य प्रकाराचं) मलम लिहून देतात. साधारण दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. ते मूळ कारणावरच काम करतं, थर पुन्हा जाड होतो, लघवीची जळजळही पुष्कळदा कमी होते. स्तनाचा कर्करोग झालेल्यांनी मात्र ते कॅन्सरच्या डॉक्टरांच्या संमतीशिवाय आणू नये. त्यांच्यासाठी चांगलं वंगण आणि मॉइश्चरायझर हाच पहिला आधार. २०१४ पासून या सगळ्या त्रासाला डॉक्टरी भाषेत स्वतंत्र नाव आहे, 'जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज'. आपल्या मराठी बायकांना सरासरी पन्नाशीच्या आतच पाळी जाते आणि पुढे तीस वर्षं काढायची असतात. "आता या वयात काय त्याचं" असं म्हणून सोडून द्यायला ही वर्षं थोडी नाहीत.

त्या शिक्षिका बाईंनी पुढे डॉक्टरांना दाखवलं, मलम चालू झालं, आणि मिस्टरांनाही सांगितलं. आता जेल घ्यायला ते स्वतः येतात, खोकं उलटं करून यादी वाचतात आणि मला विचारतात, "हे दुसऱ्या नंबरला काय लिहिलंय?"

ट्यूब बदलून आठवडा झाला तरी आग गेली नाही, अंगावरून दह्याच्या कण्यांसारखं पांढरं जातंय, किंवा माशासारखा वास येतोय, फोड आलेत, कातडीवर पांढरे चट्टे पडून ती चुरगळल्यासारखी दिसते, तर ते वंगणाचं काम नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, आणि दोघांनी जा, कारण काही संसर्ग दोघांनाही असतात आणि औषध दोघांनाही लागतं. संबंधांनंतर रक्त दिसत असेल तर गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करून घ्या. आणि पाळी बंद होऊन वर्ष उलटलेलं असताना एकदा जरी डाग दिसला, तरी तो कोरडेपणाचा किंवा जेलचा असेल म्हणून घरी बसू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवून सोनोग्राफी करून घ्या.